भाऊजींचा उबदार आवाज

तिला घरचे-बाहेरचे सगळे कानबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, धास्ती जास्त होती. उभी हयात तिनं एका रेकॉर्डिंग कंपनीत टेपा कापण्या-जोडण्यात घालवली होती. भल्याभल्या गायकांचे ठसके, धापा आणि घसरलेले सूर तिनं ब्लेडनं कापून कचऱ्याच्या डब्यात टाकले होते. त्यामुळे गाणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं राहिलं नव्हतं. न गाणाऱ्यांबद्दलही नव्हतं. कंपनीला टाळं लागल्यावर तिनं घराच्या मागच्या खोलीत दोन जुनी मशिनं मांडली आणि लोकांच्या घरगुती टेपा सुधारून द्यायला लागली. कुणी आजोबांची बासरी आणायचं, कुणी कॉलेजातल्या बँडची कॅसेट. ती ऐकायची, नाक मुरडायची आणि काम मात्र चोख करून द्यायची. "तुमच्या आजोबांनी बासरी वाजवलेली नाही, तिच्यात नुसता श्वास सोडलाय," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची तिला चोरी नव्हती.

पण आपल्या भाऊजींनी टेपचं मशीन घेतलंय हे कानावर आलं, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांचं फरशांचं दुकान होतं. माणूस दिलदार, बोलघेवडा, आणि स्वतःच्या आवाजावर लट्टू. फरशीवर टिचकी मारून ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ऐका, कसा सूर लागतो!" आता वय झाल्यावर त्यांना कुणीतरी सांगितलं की हल्लीच्या कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये जीव नसतो, खरी मजा जुन्या टेपमध्ये. झालं. कुठल्याशा जुन्या सामानवाल्यानं त्यांच्या गळ्यात चार ट्रॅकचं एक कॅसेट मशीन मारलं. एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरता येतात असलं. भाऊजींनी एकावर ठेका, दुसऱ्यावर कीबोर्ड, तिसऱ्यावर स्वतःचा गळा असा मामला जमवला आणि फरशांच्या गोदामात बसून स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी भरली. चौथा ट्रॅक रिकामा राहिला. तेवढीच काय ती कृपा, असं कानबाई नंतर म्हणाली.

एका सकाळी ते मशीन बगलेत मारून तिच्या दारात हजर झाले.

"मेहुणीबाई, जरा हात फिरवा यावरनं. बाकी सगळं झकास आहे, थोडं पॉलिश हवंय."

"पॉलिश फरशीला करतात, भाऊजी."

"तेच तर! मशीनलाही केलंय. बघा कसं चकाकतंय."

तिनं बघितलं. मशीन खरंच आरशासारखं चकाकत होतं, कारण भाऊजींनी ते फरशी पुसायच्या द्रावणानं घासून काढलं होतं. त्या नादात बटणांखाली छापलेली अक्षरं पार उडाली होती. कुठलं बटण कशाचं, याचा पत्ता नाही.

"तुम्ही हे पुसलंत की सोललंत?"

भाऊजी मोकळेपणानं हसले. त्यांच्यावर टोमणा मारणं म्हणजे उशीवर बुक्की मारण्यासारखं होतं. "ते असू द्या. आवाज ऐका. काय ऊब आहे! टेपशिवाय ही ऊब येत नाही."

"ऊब हवी तर स्वेटर घाला," कानबाई म्हणाली. पण मशीन तिनं ठेवून घेतलं. त्याला कारण ताईचा फोन. "एवढं कर बाई," ताई आदल्या दिवशी म्हणाली होती. "दिवसभर दुकानात, संध्याकाळी घरात, तेच ते लावून बसतात. कान किटले माझे. एकदाचं नीट झालं की ह्यांचं समाधान होईल आणि प्रकरण मिटेल."

भाऊजी गेल्यावर तिनं हेडफोन चढवला आणि पहिलं गाणं लावलं. अर्ध्यात येईपर्यंत तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. सगळा आवाज कानात बोळे घालून ऐकल्यासारखा. मागे अखंड शूऽऽ चाललेलं, त्याच्या खाली विजेची घूंऽऽ, आणि भाऊजी जोरात आले की मशीनवरची आवाजाची सुई थेट लाल पट्ट्यात जाऊन आवाज फाटायचा. भाऊजींची ऊब ती हीच. जिथं फाटत होता तिथं त्यांना वाटत होतं काळजाला हात घातला जातोय.

तिनं मशीनचं झाकण काढलं. हेडवर, म्हणजे टेप जिथं घासून जाते त्या इवल्याशा धातूच्या तुकड्यावर, तपकिरी मळाचा थर साचला होता. तिनं कापसाला स्पिरिट लावून तो काढला. बोळा तपकिरी झाला, दुसरा घेतला, तोही झाला. "चहाचं भांडं तरी याहून स्वच्छ असतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग हेड किंचित तिरपं बसलंय हे तिच्या लक्षात आलं. भाऊजींनी रेकॉर्डिंग केलं ते तिरप्या हेडवरच, आणि नंतर घासताना ते आणखी हललं होतं, तेव्हा हेड नुसतं सरळ करून चालणार नव्हतं. त्यांच्या तिरपेपणाशीच जुळवून घ्यायला हवं होतं. तिनं बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, डोळे मिटले, आणि कान देऊन स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिली. एका जागी बोळे निघाले. कीबोर्ड लख्ख झाला, शब्द कळायला लागले. शब्द कळले ही सुधारणा म्हणावी की नाही, याबद्दल तिला शंका होती. एका कडव्यात भाऊजींनी 'मन' आणि 'पवन' जुळवले होते आणि तिथंच न थांबता 'भवन'ही आणलं होतं.

तरी कामाला हात लागला की तिला ते सोडवत नसे. दोन-तीन दिवस ती त्या गाण्यांत बुडून गेली. घूंऽऽ काढली, फाटलेल्या जागा थोड्या मऊ केल्या, शूऽऽ दाबलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मशीन दाखवायची. "बघा, अक्षरं खाऊन टाकली. अशा माणसांना टेपच्या दुकानाची पायरी चढू देऊ नये." शेजारणीनं विचारलं, गाणी कशी आहेत? तर म्हणाली, "फरशा चांगल्या आहेत त्यांच्या."

सगळ्यात लांबलचक गाणं शेवटाला ठेवलं होतं. त्यात दुसऱ्या कडव्यानंतरच्या ध्रुवपदात कीबोर्ड फार पुढे येत होता, म्हणून तेवढा तो स्वच्छ करून रिकाम्या चौथ्या ट्रॅकवर नव्यानं घ्यावा असं तिनं ठरवलं. टेप त्या जागी आणून चौथ्याचं बटण दाबलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, खुर्चीला पाठ टेकली. ध्रुवपद संपत आलं तेव्हा तिला जाणवलं की गाण्यातून भाऊजी नाहीसे झालेत. ठेका आहे, कीबोर्ड आहे, गळा नाही. क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. मग तिची नजर दाबलेल्या बटणाकडे गेली. तिनं झटकन मशीन थांबवलं.

बटण तिसऱ्या ट्रॅकचं होतं.

तिनं टेप मागे घेऊन ऐकली. अख्खं ध्रुवपद गेलं होतं, कापल्यासारखं साफ. हाताखालच्या माणसांना तिनं वर्षानुवर्षं एकच गोष्ट बजावली होती: आधी दुसरी प्रत काढा, मग टेपला हात लावा. एकाला तर एवढ्यासाठी कंपनीतून घालवलं होतं. आणि आता तिनं स्वतः प्रत काढली नव्हती, कारण भाऊजींच्या गाण्याची प्रत काढायची म्हणजे टेप वाया घालवणं, असं तिला वाटलं होतं. तिनं आधी मशीनला शिव्या घातल्या, मग फरशीच्या द्रावणाला, मग भाऊजींना. कुणालाच त्या नीट चिकटेनात. अक्षरं उडालीत हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार लोकांना हसून हसून तिनंच सांगितलं होतं.

गेलेल्या जागेत काय होतं ते तिला चांगलं आठवत होतं. भाऊजींना तिथं ठसका लागला होता आणि मागे कुणीतरी काहीतरी बोललं होतं. नाहीतरी ती जागा तिच्या नावडत्या यादीत होतीच. तिनं पहिल्या कडव्यानंतरचं ध्रुवपद आपल्या मोठ्या मशीनवर उतरवून घेतलं आणि ते गेलेल्या जागी भरायला बसली. दोन्ही मशिनं एकाच क्षणी सुरू व्हायला हवीत. जरा मागेपुढे झालं की भाऊजी ठेक्याच्या पुढे पळायचे नाहीतर मागे फरफटायचे. अर्थात ते एरवीही तसेच गायचे, त्यामुळे काम थोडं सोपं होतं. कितीतरी वेळा जमवून-बिघडवून शेवटी ते चपखल बसलं. सांधा तिला स्वतःलाही ऐकू येईना.

झाकलं, असं ती स्वतःला म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी भाऊजी आणि ताई दोघंही ऐकायला आले. भाऊजी स्पीकरसमोर खुर्ची ओढून मांडीवर ताल धरून बसले. ताई पलंगाच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तशी. एकेक गाणं संपलं की भाऊजी म्हणायचे, "वा! मेहुणीबाई, वा!" आपल्यालाच म्हणतायत की स्वतःला, हे कानबाईनं विचारलं नाही.

शेवटचं गाणं आलं. दुसरं कडवं संपलं, ध्रुवपद सुरू झालं, आणि भाऊजींनी बोट वर केलं.

"इथं! इथं बघा कसा मोकळा लागलाय. त्या दिवशी काही वेगळाच मूड होता माझा."

कानबाईच्या ओठांवर हसू आलं. एवढ्या वर्षांत माणसांचे कान किती बिनकामाचे असतात याचे तिनं ढीगभर नमुने पाहिले होते. हा त्यातला बावनकशी. तिनं मजेनं ताईकडे पाहिलं. ताई हसत नव्हती. ती उठली, "पाणी घेते," म्हणाली आणि आत गेली. जाताना बहिणीकडे असं बघून गेली की कानबाईला मागोमाग जावंच लागलं.

स्वयंपाकघरात ताई ओट्याला टेकून उभी होती.

"ठसका कुठं गेला?"

"कुठला ठसका?"

"उगाच वेड पांघरू नकोस. इथं ह्यांना ठसका लागतो. रोज ऐकते मी."

"काढला," कानबाई म्हणाली. "खराब जागा होती. ठसका, मागे कुणाची तरी बडबड. असलं गाण्यात ठेवत नाहीत."

"कुणाची तरी?" ताईनं ग्लास खाली ठेवला. "मी होते ती. 'पाणी घ्या, मग गा,' असं म्हटलं होतं मी दारातनं. आणि हे तसेच पुढे गायले."

कानबाईनं तो ग्लास उचलून परत ठेवला.

"त्या अख्ख्या कॅसेटमध्ये तेवढंच एक ऐकण्यासारखं होतं मला," ताई म्हणाली. "बाकी ह्यांचं गाणं मला काही आवडत नाही, तुला माहीतय. मी कधी बोलत नाही एवढंच. पण कानबाई ना तू? जगाचे सूर पकडतेस, आणि सख्ख्या बहिणीचा आवाज तुला बडबड वाटला?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "परत लाव ते."

"नाही लावता येणार."

"का?"

"पुसलं गेलं माझ्या हातनं. चुकून."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. आठवडाभर कानबाई ज्या नजरेनं ते मशीन बघत होती, तीच ती नजर. "आणि वर ठिगळ लावून ह्यांना गंडवलंस. हे खुळे आहेत, मान्य. पण ते माझं मी बघेन, तू गंडवायचं नाहीस. बाहेर जा आणि सांग."

कानबाई बाहेर आली आणि उभ्याउभ्याच तिनं सांगितलं. काय झालं, बटण कुठलं होतं, ठिगळ कुठलं. कुणासमोर चूक कबूल करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती हिशेब सादर केल्यासारखी भराभर बोलली. भाऊजी ऐकत राहिले आणि मग खो खो हसले.

"मेहुणीबाई, माझा आवाज मला कळणार नाही होय? तुम्ही आपलं काहीतरीच! चिडवता मला."

"चिडवत नाही. खरंच पुसलंय."

"बरं बरं. पुसलं तर पुसलं. झक्कास झालंय." आणि ते चपला शोधायला लागले.

त्या बेफिकिरीनं तिचं डोकं उठलं. भाऊजी ओरडले असते, तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि मोकळी झाली असती. आता ते देणं तिच्या अंगावरच राहिलं. "थांबा," ती म्हणाली. "ते गाणं मी पुन्हा भरून देते. तुमच्याच मशीनवर, नव्या टेपवर. पण माझ्या पद्धतीनं."

भाऊजींचे डोळे चमकले. एवढ्या मोठ्या कंपनीतली बाई आपला आवाज भरणार म्हणजे काय थट्टा आहे!

पुढच्या सुट्टीला दुकान बंद असताना ती तिथं गेली. गोदामात टाळी वाजवून पाहिली; सगळीकडून फरशा, टाळी परत परत येत राहिली. "हे गाण्याचं ठिकाण नाही, न्हाणीघर आहे," तिनं निकाल दिला आणि घरातल्या गाद्या, रजया, जुने पडदे आणवून भिंतीला टांगले. भाऊजींनी हमालासारख्या गाद्या वाहिल्या. ती कंपनीतून आणलेला आपला माइक जपून बाहेर काढत होती, तोवर ताईनं फ्रिजचं आणि पंख्याचं बटण बंद केलं. मशीनचं हेड लख्ख होतं, टेप कोरी होती, आणि बटणांखाली कानबाईनं रंगानं ठळक अक्षरं काढली होती. भाऊजींना तिनं माइकपासून हातभर लांब उभं केलं. सुई लाल पट्ट्याच्या जरा अलीकडे झुलत राहील असं जमवलं. मग गा म्हणाली.

भाऊजी गायले. मनापासून गायले. घाम आला तरी थांबले नाहीत, आणि ठसकाही लागला नाही. संपल्यावर रुमालानं मान पुसत ते स्पीकरपाशी येऊन बसले.

कानबाईनं टेप लावली.

काम असं झालं होतं की कंपनीतल्या जुन्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली असती. शूऽऽ नाही, घूंऽऽ नाही. भाऊजींचे ओठ विलग होतात तो आवाजसुद्धा स्वच्छ. श्वास कुठं अपुरा पडतो ते स्वच्छ. वरचा सूर दर वेळी जरासा खाली लागतो आणि लागल्यावर थरथरतो, ते तर काचेसारखं स्वच्छ. 'पवन' म्हणताना दातांतून वारा निघतो, तोही. इतके दिवस खरखरीनं आणि फाटक्या आवाजानं जे पांघरून ठेवलं होतं, ते तिनं एकेक करून उचललं होतं.

भाऊजींचं मांडीवर ताल धरणं बंद पडलं. ध्रुवपदापर्यंत ते हाताकडे बघत बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "यात ती ऊब नाही."

"मशीन तेच आहे."

"काहीतरी गेलंय यातनं."

"गेलं काही नाही. होतं ते सगळं आलंय."

भाऊजींनी वर पाहिलं. "मी असा गातो?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा, म्हणून कानबाई जन्मभर थांबली होती. कंपनीत तो कुणी विचारत नसे. विचारला असता तरी उत्तर द्यायची तिला मुभा नव्हती. आता विचारला होता, आणि ताई दाराशी उभी होती.

"हो," ती म्हणाली.

भाऊजींनी मान हलवली. फरशीत तडा असल्याचं गिऱ्हाइकानं दाखवून द्यावं आणि तो खरंच निघावा, तशी. मग उठले, टांगलेल्या गाद्यांपैकी एक उतरवून घडी करायला लागले आणि पाठमोरेच म्हणाले, "पुसून टाका ते. तुम्हाला पुसता येतंच."

म्हणजे त्यांनी तिचं त्या दिवशीचं बोलणं ऐकलं होतं, आणि त्यांना ते पटलंही होतं. कानबाईनं टेप मागे घेतली, या वेळी अक्षरं वाचून बटण दाबलं, आणि ते उत्तम रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुसून काढलं. तोवर भाऊजींनी दुसरी गादीही उतरवली.

त्यानंतर भाऊजी तिच्याकडे मशीन घेऊन आले नाहीत. आठ-पंधरा दिवस गाणंच बंद होतं, असं ताईनं फोनवर सांगितलं. घरात इतकं शांत शांत झालं की तिलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मग भाऊजींना गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लग्नाबिग्नांचे व्हिडिओ करणारा सापडला. त्यानं त्यांच्या जुन्या गाण्यांवर भरपूर घुमारा चढवला, खाली व्हायोलिनं सोडली, आणि वर, भाऊजींच्या मागणीवरून, जुन्या टेपची विकतची खरखरही थोडी शिंपडली. भाऊजी पुन्हा खुलले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवू लागले.

एका दुपारी त्यांनी कानबाईला जेवायला बोलावलं आणि जेवण वाढण्याआधी ते लावलं. भाऊजी एखाद्या विहिरीच्या तळाशी बसून गातायत आणि वरून कुणीतरी खडी ओततंय, असं ते ऐकू येत होतं. ठिगळ लावलेलं ध्रुवपद आलं, गेलं. भाऊजींनी तिथं बोट वर केलं नाही. पण गाणं संपल्यावर आशेनं विचारलं, "कसं वाटलं, मेहुणीबाई?"

कानबाईच्या जिभेवर चार-पाच वाक्यं तयार होती, एकापेक्षा एक धारदार. तिनं ती गिळली. "बरंय," ती म्हणाली, आणि ताट पुढे ओढलं.

भाऊजी खूश होऊन हात धुवायला गेले. ताई तिच्या ताटात वाढत म्हणाली, "तुझं हे 'बरंय' ऐकून मेलेला माणूससुद्धा उठून बसेल. तोंडावर काय काय लिहिलंय बघ. जा, ते येईपर्यंत धुऊन ये."

कानबाई उठली आणि मुकाट्यानं तोंड धुवायला गेली.